स्टंट स्कूटर: पहिली कोणती घ्यावी आणि दुसरी केव्हा

गेल्या तीन वर्षांत आमच्या फोंड्याच्या घरात तीन स्टंट स्कूटर हाताळून झाल्या. पहिली मी मुलीसाठी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तात मागवली होती आणि ती सात महिन्यांत अडगळीत गेली. नंतरच्या दोन आमच्या भावोजींनी दुबईहून येताना आणल्या. त्यांतली एन्व्ही कंपनीची ‘वन’ माझ्या दहा वर्षांच्या मुलीकडे आहे, आणि त्याच कंपनीची ‘प्रॉडिजी’ म्हापशाला राहणाऱ्या माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याकडे आहे. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रदुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे फिरणारी कोणतीही वस्तू घरात आली की ती एकदा पूर्ण उघडून, पुसून, पुन्हा जोडल्याशिवाय मला चैन पडत नाही. या तिन्ही स्कूटर मी शेवटच्या बोल्टपर्यंत उघडल्या आहेत. ओळखीचे पालक मला वरचेवर विचारतात की, मुलाने पायाने ढकलायच्या गाडीला इतके पैसे का मोजायचे, आणि मोजायचेच असतील तर पहिल्यांदाच चांगली गाडी का घेऊ नये. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरे गाडीच्या रंगात किंवा नावात नसून डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या जोडांत आहेत.

गोव्यात स्कूटर म्हटले की घराघरांत दारात उभी असलेली पेट्रोलची दुचाकीच डोळ्यांसमोर येते, म्हणून आधी स्पष्ट करतो. ही इंजिन नसलेली, दोन लहान चाकांची, उभे राहून चालवायची गाडी. सन २०००च्या सुमारास मायक्रो आणि रेझर या कंपन्यांच्या घडी घालता येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या स्कूटर जगभर पसरल्या आणि मुलांनी त्यांवरून उड्या मारायला सुरुवात केली. उडीनंतर गाडी जमिनीवर आपटते तेव्हा सर्वांत मोठा झटका बसतो तो घडीच्या बिजागरीला आणि हँडल वरखाली करण्याच्या जोडाला. स्टंट स्कूटरमध्ये हे दोन्ही जोड काढूनच टाकलेले असतात. बार, म्हणजे हँडल, एकसंध, वेल्डिंग केलेला. डेक, म्हणजे पाय ठेवायची फळी, एकसंध. आणि दोहोंच्या मध्ये फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा), हेडसेट (तो ज्या बेअरिंगवर फिरतो ती जोडणी) व क्लॅम्प (बार आणि फोर्क आवळून धरणारी पकड). म्हणून घडी होणारी किंवा हँडलची उंची कमीजास्त करता येणारी कोणतीही स्कूटर, विक्रेता काहीही म्हणो, उड्यांसाठी घेऊ नये. दुकानात तयार मिळणाऱ्या अशा गाडीला ‘कम्प्लीट’ म्हणतात; या शब्दाचा अर्थ एवढाच की सर्व भाग कारखान्यातूनच जुळवून आलेले असतात. त्यांच्या दोन पायऱ्या मी येथे धरतो: नवशिक्याची, जशी ‘वन’, आणि त्यापुढची मधली, जशी ‘प्रॉडिजी’. सुटे भाग निवडून गाडी बांधणे ही त्याहून पुढची गोष्ट असून ती येथे माझ्या विचारात नाही.

पहिल्या गाडीचे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची तुलना त्यावरच उभी आहे. चित्रात ती अगदी खऱ्या स्टंट स्कूटरसारखी दिसत होती: एकसंध बार, रुंद डेक, झगझगीत रंग. घरी आल्यावर क्लॅम्प सोडून पाहिला तेव्हा आत आटे पाडलेला फोर्क निघाला, म्हणजे जुन्या सायकलीसारखा, ज्यावर एक नट आणि त्याला अडवणारा दुसरा नट बसतो. सायकलीला ही रचना चालते, कारण सायकल सहसा हवेतून खाली पडत नाही. येथे मात्र प्रत्येक उडीनंतर नट किंचित फिरायचा, हेडसेट सैल व्हायचा, आणि मुलगी आठवड्यातून दोनदा म्हणायची, “बाबा, पुढे परत खुळखुळ वाजतंय.” मी दर वेळी आवळून द्यायचो. चौथ्या महिन्यात मागच्या चाकाचा प्लॅस्टिकचा गाभा तडकला आणि सहाव्यात क्लॅम्पच्या एका बोल्टचे आटे झिजून गेले, कारण क्लॅम्पचा धातूच मऊ होता. विक्रेत्याकडे सुटे चाक नव्हते, क्लॅम्पही नव्हता. एका सायंकाळी उतारावर बार तिच्या हातात अर्धा फिरला. ती पडली, कोपर सोलवटले, यापलीकडे काही झाले नाही. पण ती गाडी मी त्याच रात्री उचलून ठेवली आणि नंतर कोणालाही दिली नाही, कारण दुसऱ्याच्या मुलाला ती देणे मला योग्य वाटले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. स्टंट स्कूटरच्या पुढच्या भागात दोन वेगवेगळी कामे चालतात, आणि बहुतेक पालक, कित्येकदा मुलेही, त्यांची गल्लत करतात. क्लॅम्पचे काम बार आणि फोर्क एकमेकांशी इतके घट्ट धरणे हे आहे की बार वळला की चाक वळलेच पाहिजे. दुसरे काम ताणाचे. हेडसेटमधली वरची आणि खालची बेअरिंग डेकच्या पुढच्या नळीत नेमक्या दाबाने बसलेली असावी लागतात. दाब कमी पडला तर खुळखुळ, जास्त झाला तर बार जड फिरतो. हा दाब देणाऱ्या योजनेला कम्प्रेशन म्हणतात. खुळखुळ वाजू लागली की मुले क्लॅम्पचे बोल्ट पिळत सुटतात. आवाज जात नाही, बोल्टचे आटे मात्र जातात. माझ्या भाच्यानेही पहिल्या महिन्यात हेच केले होते. त्याला समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे मामा, क्लॅम्प हा हात आहे आणि कम्प्रेशन हा मणका.” मला याहून चांगले सांगता आले नसते.

कम्प्रेशनच्या चार योजना बाजारात आढळतात आणि कम्प्लीट स्कूटर घेताना त्यांचा विचार करणे मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. आयसीएस या योजनेत ताणाचा बोल्ट खालून, फोर्कमधून वर बारमध्ये जातो. ती हलकी असते, पण दर वेळी ताण द्यायचा तर पुढचे चाक काढावे लागते, आणि लहान मुलाच्या हातून ते नीट होत नाही. एचआयसी योजनेत फोर्कच्या नळीवर शिम, म्हणजे धातूचे पातळ नळीसारखे आवरण, बसतो, वरून बोल्ट आवळला जातो आणि त्यावर मोठ्या व्यासाचा बार उतरतो. आयएचसी ही एन्व्हीने रुळवलेली योजना त्याच जातीची आहे, पण तिच्यात फोर्कची नळीच बारीक केलेली असते, त्यामुळे वजन वाचते. भाच्याच्या ‘प्रॉडिजी’त हीच योजना आहे. एससीएसमध्ये क्लॅम्प उंच आणि जाडजूड असतो; त्याचे खालचे बोल्ट फोर्कला आणि वरचे बारला धरतात, आणि ताण देणारी टोपी क्लॅम्पच्या आत असते. ती सर्वांत जड, पण सर्वांत निश्चिंत. एकदा नीट बसवली की महिनोन्महिने हात लावावा लागत नाही. तिच्यासाठी बारच्या तळाला चीर नसलेला बार लागतो, हे बार बदलताना विसरू नये. नवशिक्यासाठी या चारांपैकी कोणती योजना आहे यापेक्षा फोर्क आट्यांचा नाही ना, हे पाहणे पुरेसे आहे. मधल्या पायरीवरच्या मुलासाठी मात्र ही निवड पुढच्या दोन वर्षांचा खर्च ठरवते, कारण आयएचसीची गाडी घेतली की पुढे फोर्क बदलताना त्याच जातीचा फोर्क शोधावा लागतो, आणि आपल्याकडे सुटे भाग सहज मिळत नाहीत.

गाडी हातात आल्यावर ताण कसा तपासायचा तेही येथेच नोंदवतो. पुढचे चाक भिंतीला टेकवून, एका हाताची बोटे हेडसेटच्या फटीवर ठेवून, दुसऱ्या हाताने बार पुढेमागे ढकलावा. बोटांना किंचितही हालचाल जाणवली तर ताण कमी आहे. मग पुढचा भाग उचलून गाडी थोडी तिरकी धरावी. बार स्वतःच्या वजनाने वळला पाहिजे. तो अडकत वळला तर ताण जास्त आहे. दोन्ही परीक्षा एकाच वेळी उतरतात तोच खरा ताण. ‘वन’ आणि ‘प्रॉडिजी’ या दोन्ही गाड्या पेटीतून काढून जोडल्यावर थोड्या सैल वाटल्या, पण त्यात वावगे काही नाही; कोणत्याही नव्या गाडीत पहिल्या काही दिवसांत बेअरिंग आपल्या जागी बसतात आणि ताण पुन्हा द्यावा लागतो.

दुसरा मुद्दा वजनाचा, आणि येथे पेटीवर छापलेला आकडा फसवा ठरतो. कम्प्लीट स्टंट स्कूटर साधारण ३ ते ४ किलोच्या आसपास असतात आणि जाहिरातींत शंभर-दोनशे ग्रॅमवरून चढाओढ चालते. परंतु ते वजन कोठे आहे हे कोणी सांगत नाही. टेलव्हिप ही मुलांची पहिली मोठी हौस असते: हवेत असताना बार हातात धरून डेक त्याच्याभोवती पूर्ण फिरवायचा आणि परत पायाखाली घ्यायचा. डेक ज्या आसाभोवती फिरतो तो हेडसेटमधून जातो, आणि फिरवण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. मागचे चाक त्या आसापासून सुमारे अर्धा मीटर लांब असते. तेथले १०० ग्रॅम हे डेकच्या मध्यावरच्या १०० ग्रॅमच्या चौपट भारी पडतात, आणि बारमधले वजन तर या फिरकीत जवळजवळ मोजलेच जात नाही. म्हणून टेलव्हिप शिकणाऱ्या मुलासाठी हलका बार घेण्यापेक्षा हलके मागचे चाक आणि आखूड डेक घेणे शहाणपणाचे. बारस्पिन, म्हणजे डेक स्थिर ठेवून बार फिरवणे, यात उलट असते; तेथे बारची रुंदी आणि त्याच्या टोकांचे वजन जाणवते. आमच्या मुलीला तिच्या ‘वन’वर चार महिन्यांत टेलव्हिप जमू लागला. भाच्याने हौसेने तिला आपली ‘प्रॉडिजी’ दिली तेव्हा डेक अर्ध्यावरच थांबायचा; तिच्या हातात तेवढी ताकदच नव्हती. पहिल्यांदाच वरच्या पायरीची गाडी का घेऊ नये, या प्रश्नाचे माझे उत्तर त्या सायंकाळी मला मिळाले.

उंचीबद्दल दुकानदार वय विचारतात, पण वय विचारणे चुकीचे आहे. मुलाला बूट घालून डेकवर उभे करावे. ग्रिप कमरेच्या आसपास, फार तर कमरपट्ट्याच्या किंचित वर याव्यात. त्याहून उंच बार असेल तर बारस्पिन करताना हात खांद्याच्या वर जातात, त्याहून बुटका असेल तर उतरताना पाठ वाकते आणि तोल पुढे जातो. रुंदी खांद्याएवढी असावी. बार कापून बुटका किंवा अरुंद करता येतो, वाढवता येत नाही, म्हणून वाढत्या मुलासाठी थोडा उंच बार घेणे क्षम्य आहे. मात्र ‘पुढे दोन वर्षे चालेल’ या हिशेबाने मोठी गाडी घेऊ नये. डेकच्या बाबतीत नवशिक्याला साधारण ४.५ ते ४.७५ इंच रुंद आणि १९ ते २० इंच लांब फळी पुरते. ज्याचे पाय मोठे झाले आहेत आणि ज्याला कठड्यावर घसरण्याचे, म्हणजे ग्राइंडचे, वेड लागले आहे त्याला ५ इंचांच्या पुढची रुंदी हवीशी वाटते, कारण उतरताना पाय चुकत नाही. ती फळी फिरवायला जड असते, ही त्याची किंमत.

धातूंबद्दल थोडेच सांगतो. डेक जवळजवळ सगळीकडे ६०६१ जातीच्या, उष्णतासंस्कार केलेल्या ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यात दोन पायऱ्यांमध्ये फारसा फरक नाही. फरक वेल्डिंगच्या सफाईत आणि पुढच्या नळीच्या जाडीत असतो. बारमध्ये मात्र फरक आहे. स्वस्त गाड्यांना साधे पोलाद, वरच्या पायरीच्या गाड्यांना ४१३० जातीचे क्रोमोली पोलाद असते. क्रोमोलीत क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले असल्याने तेवढ्याच ताकदीसाठी नळीची जाडी कमी ठेवता येते. दहा वर्षांच्या, तीस किलोच्या मुलीला साधे पोलाद पुरेसे आहे. पन्नास-पंचावन्न किलोचा मुलगा चार-पाच पायऱ्यांवरून उतरणार असेल तर क्रोमोलीच घ्यावे.

चाकांबद्दल मात्र मला विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण परदेशी परीक्षणे गुळगुळीत काँक्रीटच्या मैदानांवर बसून लिहिलेली असतात आणि आमची मुले पेव्हर ब्लॉकवर चालवतात. फोंड्यात, पणजीत, मडगावात, देवळाबाहेरच्या आवारात, पंचायतीच्या अंगणात, जेथे मुलांना मोकळी जागा मिळते तेथे हे एकमेकांत अडकवलेले सिमेंटचे ठोकळे असतात, आणि त्यांच्या फटींत तांबडी माती व खडी साचलेली असते. १०० मिलिमीटरचे चाक त्या प्रत्येक फटीत किंचित उतरते आणि परत चढते. तळपायाला मुंग्या येतात आणि वेग मरतो. आमच्या पहिल्या गाडीला १०० मिलिमीटरची चाके होती, भाच्याच्या गाडीला त्याहून मोठी आहेत, आणि मिरामारच्या पदपथावर दोन्ही एकामागून एक चालवून पाहिल्या तेव्हा फरक सांगण्यासाठी मोजपट्टीची गरज पडली नाही. माझे मत असे की, गोव्यात लहान मुलासाठीही शक्य असेल तर ११० मिलिमीटरचे चाक घ्यावे आणि थोडे वाढलेले वजन सोसावे. १२० मिलिमीटरचे चाक वाढत्या मुलाला, ज्याला लांब अंतर आणि वेग हवा आहे, त्याला शोभते. चाकाच्या पॉलीयुरेथेनचा कठीणपणा बहुधा ८५ए ते ८८ए असतो; आकडा मोठा तितके चाक कठीण. मऊ चाक खडबडीत जमिनीवर सुखाचे असते, पण लवकर झिजते. आकारापेक्षाही महत्त्वाचा आहे तो गाभा. प्लॅस्टिकच्या गाभ्याचे चाक केवळ ढकलत फिरण्यासाठी ठीक आहे. उड्यांसाठी ॲल्युमिनियमचा गाभाच हवा. दोन पायऱ्यांच्या किमतीतला बराच फरक येथेच असतो आणि तो पैसा योग्य जागी गेलेला असतो.

बेअरिंगवर लिहिलेल्या एबेक ५, एबेक ७, एबेक ९ या आकड्यांना भुलू नये. एबेक हे मापांच्या अचूकतेचे प्रमाण आहे. ते वेगाने फिरणाऱ्या यंत्रांसाठी ठरवलेले असून धूळ, पाणी किंवा आडवा धक्का बेअरिंग किती सोसेल याबद्दल ते काहीही सांगत नाही. स्कूटरच्या चाकात ६०८ क्रमांकाचे बेअरिंग असते: आतला व्यास ८, बाहेरचा २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. हेच बेअरिंग विजेच्या लहान मोटरींत आणि हातयंत्रांतही बसते, त्यामुळे ते मिळवण्यासाठी परदेशाकडे पाहावे लागत नाही. यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या आपल्या गावातल्या दुकानात ६०८-२आरएस मागावे, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेले बेअरिंग मिळते. प्रत्येक चाकात दोन लागतात आणि त्यांच्यामध्ये एक लहान नळीसारखा स्पेसर असतो. तो हरवून चाक आवळले तर चांगले बेअरिंगही आठवड्यात खराब होते.

आता इतर कंपन्यांविषयी. एन्व्हीच युरोपात ब्लंट या नावाने विकली जाते, त्यामुळे कोणी नातेवाईक तिकडून गाडी आणणार असेल तर नावाच्या फरकाने गोंधळू नये. ‘ब्लंट वन’ आणि ‘एन्व्ही वन’ ही एकच गाडी आहे. ऑस्ट्रेलियाच्या मॅड गिअर आणि ग्रिट, अमेरिकेच्या फ्युजन आणि लकी या कंपन्यांच्या कम्प्लीट गाड्याही दोन्ही पायऱ्यांवर मिळतात. फ्युजनची ‘एक्स-३’ आणि ग्रिटची ‘ॲटम’ या शिकणाऱ्यांच्या गाड्या. फ्युजनची ‘झेड’ मालिका आणि लकीची ‘क्रू’ या त्यापुढच्या. डिकॅथ्लॉनने ऑक्सेलो या नावाखाली आणलेली ‘एमएफ’ मालिकाही याच जातीची आहे, आणि एखादा भाग बिघडला तर समोर बसून बोलता येईल असे दुकान असणे हे आपल्या देशात फार मोलाचे आहे. अमेरिकेत नवशिक्यांच्या चांगल्या गाड्या साधारण १०० ते १५० डॉलरना आणि मधल्या पायरीच्या १८० ते २५० डॉलरना मिळतात. आपल्याकडे आयातीचा आणि वाहतुकीचा खर्च चढतो, म्हणून कोणी विमानाने येत असेल तर त्याच्या सामानातून आणणे परवडते. बार काढून ठेवला की गाडी मोठ्या बॅगेत मावते. भावोजींनी तशाच आणल्या.

एवढ्या नावांतून निवडायचे कसे, याबद्दल मला असे वाटते की, पहिल्या गाडीच्या बाबतीत कंपनीला दुय्यम स्थान द्यावे आणि चार गोष्टींवर अडून बसावे: आट्यांचा नसलेला फोर्क, ॲल्युमिनियमच्या गाभ्याची चाके, निदान दोन मजबूत बोल्टचा पोलादी किंवा घडीव क्लॅम्प, आणि मुलाच्या कमरेशी जुळणारा बार. एवढे जमले तर ‘वन’ असो, ‘ॲटम’ असो की ‘एमएफ’, मूल वर्षभर मनापासून शिकेल. आमची ‘वन’ या कसोटीवर उतरली आणि आजही तिच्या बारची वेल्डिंग पहिल्या दिवसासारखी आहे. तिच्यात मला खटकणारी गोष्ट एकच, आणि ती दोष नसून मर्यादा आहे: माझी मुलगी आणखी सात-आठ सेंटिमीटर वाढली की बार बुटका पडेल.

दुसऱ्या गाडीच्या बाबतीत मी उलट सांगेन; तेथे कंपनी पाहावी, कारण तेथे प्रश्न सुट्या भागांचा असतो. ज्या मुलाला टेलव्हिप आणि बारस्पिन दोन्ही बाजूंनी जमतात, जो आठवड्यातून तीन-चार दिवस तास-दीड तास चालवतो आणि ज्याच्या उतरण्याचा आवाज दिवसेंदिवस कमी होत चालला आहे, त्याची गाडी बदलायची वेळ आली असे समजावे. नीट उतरणारा मुलगा गुडघ्यांनी धक्का पितो, चाके आपटत नाहीत. नवशिक्याची गाडी दणदणते. मी भाच्याबाबत हाच निकष लावला होता. ‘प्रॉडिजी’ने त्याला जे दिले ते असे: उंच बारमुळे सरळ पाठ, मोठ्या चाकांमुळे वेग, आणि सहा महिन्यांत एकदाही सैल न झालेला पुढचा भाग. जे घेतले ते असे: पहिले तीन आठवडे त्याचा प्रत्येक बारस्पिन अपुरा राहिला, कारण बार रुंद होता. शेवटी आम्ही दोन्ही टोकांकडून थोडा थोडा बार कापला. कापताना ग्रिप काढून, नळी कापायच्या साधनाने सरळ कापावे, करवतीने वाकडे कापू नये. आणि टोकाला बोंडे परत बसवल्याशिवाय गाडी मुलाच्या हाती देऊ नये, कारण उघड्या नळीचे टोक पोटात लागले तर जखम खोल होते.

हेल्मेटच्या बाबतीत मी घरात तडजोड करत नाही. ईएन १०७८ हे प्रमाण छापलेले, कानांच्या वरून मागे उतरणारे हेल्मेट घ्यावे. स्कूटरसाठी युरोपात ईएन १४६१९ हे वेगळे प्रमाण आहे आणि ते पेटीवर असेल तर गाडीची काहीएक चाचणी झालेली आहे एवढा भरवसा ठेवता येतो. रहदारीच्या रस्त्यावर ही गाडी न्यायची नाही, हा नियम मुलांना पहिल्या दिवशीच सांगावा. मागचा पत्र्याचा ब्रेक पायाने दाबायचा असतो आणि ओल्या चाकावर तो जवळजवळ लागतच नाही.

ओल्यावरून पावसाळ्याकडे येतो. जूनपासून चवथीपर्यंत आमच्याकडे गाड्या जवळजवळ उभ्याच असतात आणि याच काळात त्यांचे सर्वांत जास्त नुकसान होते. किनाऱ्याकडे खारा वारा, आतल्या भागात सादळलेल्या भिंती. क्लॅम्पच्या बोल्टांना तांब लागते, ते आत अडकतात, आणि सप्टेंबरात जोर लावला की डोके मोडते. मी मेअखेरीस दोन्ही गाड्या उघडतो, हेडसेटच्या बेअरिंगला नवे ग्रीस भरतो, क्लॅम्पचे बोल्ट काढून आटे ब्रशने साफ करून त्यांना तेलाचा पुसट हात लावतो, आणि बार काढून गाडी वरच्या खोलीत आडवी ठेवतो. बेअरिंगमध्ये गंज सोडवणारा फवारा मारण्याची चूक बरेच जण करतात. त्याने आतले ग्रीस धुऊन जाते आणि पंधरा दिवस सुरेख फिरलेले चाक नंतर खरखरू लागते. या वर्षी चवथीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे आला तेव्हा दोघांनी मिळून गाड्या परत जोडल्या. ‘प्रॉडिजी’चा ताण त्याने स्वतः दिला, बोटे फटीवर ठेवून दोनदा तपासला, मग तिच्या मागच्या चाकाचे एक बेअरिंग खरखरते आहे हे मला काढून दाखवले. दुसऱ्या दिवशी आम्ही फोंडा बाजारातून ६०८ क्रमांकाची चार बेअरिंग आणली. दोन त्याच्या मागच्या चाकात गेली आणि दोन, स्पेसरसह, मुलीच्या गाडीसाठी डब्यात ठेवली आहेत.